बेदाणा शेडमधला रोजा

१० फेब्रुवारी, सोमवार

माझ्या शेडमध्ये तक्रार शिल्लक राहत नाही. आज नव्या मुलांना पहिलं वाक्य हेच सांगितलं.

तासगावच्या आमच्या कॉलेजच्या मागं संस्थेची द्राक्षबाग आहे, बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड आहे, आणि त्या शेडचा मुकादम मी, इमाम मुलाणी. 'कमवा व शिका' योजनेतली मुलंमुली सकाळी माझ्याकडं काम करतात आणि मग तासाला जातात. त्या कामावर त्यांना वसतिगृहात खोली मिळते. योजनेतून नाव गेलं की खोलीही गेली, आणि खोली गेली की बऱ्याच जणांचं शिक्षणच गेलं. हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून म्हणालो, "अडचण आली तर माझ्याकडं यायचं. ऑफिसात जायचं न्हाई, अर्जबिर्ज लिहायचा न्हाई. तिथल्या तिथं मिटवतो."

शिवतेज म्हणून एक उंच मुलगा आहे, शिरवळकडचा. तो म्हणाला, "मामा, आणि तक्रार तुमच्याबद्दलच असली तर?"

सगळी हसली. कॉलेजात शिपायापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना मुलं मामाच म्हणतात. मी म्हणालो, "तर माझ्या घरी जायचं. बायको लय वर्षं जोडीदार शोधतीय तक्रारीला."

ही डायरी एका व्यापाऱ्यानं दिली. मुलगी, अर्फा, वाईला सासरी गेल्यापासून संध्याकाळी घर गप्प असतं. बायकोशी, नूरजहांशी, मी घरात दखनी बोलतो, पण शिकलो गावच्या मराठी शाळेत, त्यामुळं पेन हातात घेतलं की मराठीच येतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पिवळा बेदाणा आपोआप पिवळा होत नाही. निवडलेला माल ट्रेमध्ये पसरून खोलीत रचायचा, खाली घमेल्यात गंधक पेटवायचा, दाराच्या फटींना ओली पोती लावायची. याला आम्ही धुरी म्हणतो. रंग चढला की दार उघडायचं. खरं म्हणजे मग रात्रभर वारा फिरू द्यायला हवा. पण सौद्याचा, म्हणजे लिलावाचा, दिवस तोंडावर आला की वाऱ्याची वाट बघायला कुणाला सवड नसते. तोंडाला फडकं बांधायचं, आत शिरायचं आणि ट्रे ओढून बाहेर काढायचे.

आज पूजा आतून बाहेर आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. जत तालुक्यातली मुलगी, दुसऱ्या वर्षाला, भाऊ फौजेत. कामाला चलाख आहे. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"लहानपणी दमा हुता मामा. आता न्हाई."

"आता न्हाई, तर हे काय वाजतंय?"

तिला निवडणीच्या टेबलावर बसवलं आणि तिचे ट्रे मी काढले. शिवतेज मागं मागं आला. म्हणाला, "माझे वडील शिरवळला कंपनीत हायत. तिथं मास्क न लावता कोण आत गेलं तर सुपरवायजरच हाकलून देतो. मामा, आपण लिहून देऊ या."

"घरात भाकरी करपली तर आई अर्ज लिहिती का रं?"

"हे घर न्हाई मामा."

मला हे बोलणं आवडलं नाही. तसं सांगितलं पण. वीसेक वर्षं मी हे शेड घर म्हणून सांभाळतोय, आणि कालचं पोरगं मला शिकवतंय.

मिटलं मात्र. यापुढं ज्याला त्रास होईल त्याच्या जागी मी आत जाईन. वरच्या कुणाला तोशीस पडली नाही.

घशात खवखव आहे. हवा बदलतीय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. योजनेचे अधीक्षक नानासो माइकवर फार चांगलं बोलले. ही सगळी संस्थेची लेकरं आणि संस्था म्हणजे घर, असं म्हणाले. मी शिवतेजकडं बघितलं. तो आभाळाकडं बघत होता.

ऑफिसच्या व्हरांड्यात तक्रारपेटी आहे, तिच्यावर आता कॅमेरा बसवलाय. कुणी पेटी फोडू नये म्हणून, नानासो म्हणाले. पेटी आतापर्यंत कुणी फोडली नव्हती, पण काळजी घेतलेली बरी.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. अल्लाहनं या वर्षीही उभं केलं.

५ मार्च, बुधवार

दिवसभर खोकला. पाणी नसलं की घसा सुकतो, दर वर्षीचंच आहे. नूरजहां म्हणाली दर वर्षी एवढा नसतो. बायकांना मागच्या वर्षीचं सगळं आठवतं, फक्त आपल्या सोयीचं.

एक एक करून मुलं आता मला येऊन सांगतात. कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाचं डोकं धरतं, कुणाची परीक्षा असते. मी कुणाला नाही म्हणत नाही. त्यामुळं धुरीच्या खोलीत बहुतेक मी एकटाच असतो. शांत असतं आत. डोळे मिटून कुराणातली आयत म्हणत ट्रे काढतो.

इफ्तारच्या वेळी नूरजहांनं विचारलं, "पोरं जात न्हाईत, तुमी जाता, हे चांगलंच. पन रोज्यात नाकातनं धूर घेतला तर रोजा राहतो का?"

मी म्हणालो काम ते काम. पण खजूर हातात तसाच राहिला. हे मला सुचलं कसं नाही?

७ मार्च, शुक्रवार

आज फार वाईट झालं. नीट लिहिता येईल का माहीत नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर मौलाना साहेबांना एका बाजूला घेऊन धुराचं विचारलं. ते म्हणाले, नकळत नाकातोंडात गेला तर रोजा जात नाही. पण माणसानं जाणून, आपल्या मर्जीनं ओढला, तर जातो. मग त्यांनी मलाच विचारलं, "आत तुम्ही आपल्या मर्जीनं जाता, का तुम्हाला पाठवतात?"

साधा प्रश्न. मर्जीनं जातो म्हणावं तर रोजा गेला. पाठवतात म्हणावं तर मला कुणी एका शब्दानं पाठवलेलं नाही. मी स्वतःच तर जातो! ते म्हणाले, "सावकाश विचार करा."

विचार करत शेडवर परतलो तर दारात गर्दी. उद्या माल सौद्याला न्यायचा म्हणून नानासो स्वतः येऊन उभे राहिले होते आणि मी जागेवर नाही बघून त्यांनी निवडणीवरच्या मुलांना आत घातलं होतं. धुरीच्या खोलीचं दार उघडून थोडाच वेळ झाला होता. पूजा म्हणे बोलली, "सर, मामांनी मला आत जाऊ नको म्हणून सांगितलंय." ते म्हणाले, "तुझा मामा इथला मालक हाय का?"

ती आत गेली. दोन फेऱ्यांनंतर पडली.

शिवतेजनं तिला उचलून आणलं होतं. ओठ निळे. कॉलेजच्या गाडीची चावी सापडेना, तेव्हा रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबवून मोकळ्या ट्रॉलीत घातली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजच्या सुमाराला डोळे उघडून तिनं पहिलं काय विचारलं असेल? "मामा, माझं नाव काढणार न्हाईत ना?"

८ मार्च, शनिवार

पूजा बरी आहे. चार-पाच दिवस ठेवतील.

नानासो दुपारी माझ्या घरी आले. रोज्यासाठी पेंडखजुराचा डबा आणला होता, भारीतला. एवढा मोठा माणूस आपल्या दारात येतो, याचं नूरजहांला काहीच नाही. तिनं डबा उघडलासुद्धा नाही.

त्यांनी एक निवेदन लिहून आणलंय, माझ्या सहीसाठी. विद्यार्थिनीनं आजार लपवला होता. धुरीच्या कामाबद्दल यापूर्वी एकही तक्रार आलेली नाही. विद्यार्थी स्वखुशीनं काम करतात. शेडवरच्या देखरेखीची संपूर्ण जबाबदारी मुकादमांची आहे.

"इमामभाई, आपल्या घरातली गोष्ट हाय. घरातच मिटवू," म्हणाले.

वाचून मला काही वावगं वाटलं नाही. तक्रार आली नाही हे खरंच आहे, ऑफिसला आली नाही. आणि शेवटी माझ्या पदाचा एवढा स्पष्ट उल्लेख संस्थेनं पहिल्यांदाच केला. सोमवारी सही करतो म्हणालो.

ते गेल्यावर नूरजहां म्हणाली, "मान दिला, का मान मागितली?" कधी कधी तिचं बोलणं मला कळत नाही.

९ मार्च, रविवार

खजुराचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो. पूजा उशीला टेकून बसली होती, शिवतेज जवळ होता, आणखी दोघी मुली होत्या. मला बघितल्यावर शिवतेजनं हातातला कागद लपवला नाही. उलट पुढं केला.

तो अर्ज होता, प्राचार्य मॅडमना. धुरीच्या खोलीत विद्यार्थ्यांना पाठवू नये. पूजाचं काम बदलावं, बंद करू नये. तक्रार निवारण समितीसमोर आम्हाला बोलू द्यावं. इथपर्यंत ठीक. पुढं लिहिलं होतं: आम्ही हे त्रास शेडचे मुकादम यांना वेळोवेळी सांगितले होते.

"माझ्या विरुद्ध लिहिता? मी तुमच्यासाठी आत जातोय, आणि माझ्या विरुद्ध?"

"मामा, विरुद्ध न्हाई ओ. जे झालं ते लिवलंय."

"मी एकाला तरी परत पाठवला का? सांग. एकाला तरी?"

"न्हाई पाठवला."

"मग?"

बोलली ती पूजा, थांबत थांबत, मध्ये मध्ये श्वास घेत. "मामा, तुमी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणून पुढं कुणाला ऐकू गेलंच न्हाई. आमची तक्रार तुमच्यापाशी आली की थांबायची. शुक्रवारी तुमी नव्हता, तवा आमच्याकडं कायबी नव्हतं. कागद न्हाई, पोच न्हाई. नुसतं 'मामांनी सांगितलंय' एवढंच हुतं."

मी उठून आलो. डबा तिथंच विसरलो.

रागावलो आहे. हे लिहितानाही रागावलेलाच आहे. या वयात, रोज्यात, पोरीसोरींकडून ऐकून घ्यायचं. पण राग कुणावर आहे ते नेमकं सापडत नाही. मघापासून शोधतोय.

१० मार्च, सोमवार

सही केली नाही. डोकं जड आहे, उद्या बघू, असं नानासोंना सांगितलं. रोज्यात खोटं बोललो.

नोटीस बोर्डावर कागद लागलाय. पूजाचं नाव योजनेतून कमी, "प्रकृतीच्या कारणास्तव". महिनाअखेर खोली सोडायची. म्हणजे जिला लागलं तिलाच बाहेर. आणि वर हे तिच्या भल्यासाठी केलंय असं सगळ्या ऑफिसचं म्हणणं.

१२ मार्च, बुधवार

आज खूप दिवसांनी पोट धरून हसलो, खोकला येईपर्यंत.

मुलांनी परवा अर्ज ऑफिसात नेला. आवक टेबलावरच्या क्लार्कनं घेतला नाही. नानासोंनी सांगितलंय म्हणाला. मुलं भांडली नाहीत. दोन तासांनी परत गेली. तो म्हणाला शिक्का सापडत नाही. परत गेली, तो म्हणाला जेवायची सुट्टी. दर वेळी "बरं सर" म्हणून व्हरांड्यात बसायची, पुस्तकं उघडून, त्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. शिवतेज म्हणे दर वेळी कॅमेऱ्याला नमस्कार करायचा. "तेवढाच एक माणूस हाय हितं जो आमच्याकडं बघतोय."

मग काल सकाळी सगळी रस्ता ओलांडून समोरच्या पोस्टात गेली आणि प्रत्येकानं तोच अर्ज आपापल्या नावानं रजिस्टर केला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "अरे, कॉलेज समोरच हाय की! चालत जाऊन द्या."

"बाई, चालत गेलं की पोचत न्हाई. तुमच्यातनं गेलं की पोचतंय."

आज दुपारी पोस्टमन गठ्ठा घेऊन आला आणि त्याच आवक टेबलासमोर उभा राहिला. एकेका पाकिटाला सही. क्लार्क सही करतोय, मुलं खिडकीतून बघतायत, आणि सापडत नव्हता तो शिक्का ड्रॉवरमधून आपोआप बाहेर आला.

मला आमच्या गावच्या शाळेची आठवण आली. गुरुजी अर्ज लिहायला शिकवायचे. महोदय, कृपया, आपला विश्वासू. आम्हाला तेव्हा वाटायचं हे सगळं सुट्टी मागायला असतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड आणि जुम्मा एकत्र. मुलं रंगात न्हालेली. रोजा म्हणून मला कुणी रंगवलं नाही. पूजा कालच दवाखान्यातून आलीय, तिनं फक्त एका बोटानं माझ्या टोपीच्या कडेला पिवळा ठिपका लावला. "बेदाणा," म्हणाली.

ठिपक्यासकट नमाजला गेलो. मौलाना साहेबांनी ठिपका बघितला, हसले, आणि विचारलं, "उत्तर मिळालं?"

"अजून न्हाई."

१८ मार्च, मंगळवार

समितीची बैठक परवा ठरली. प्राचार्य मॅडम या वर्षीच साताऱ्याहून आल्यात. पाकिटं त्यांच्या नावानं आल्यामुळं त्यांना ती फोडावी लागली. शिवतेजनं नियम छापून आणलेत. समितीत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी हवा, ठरलेल्या मुदतीत निर्णय हवा, तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं जाता येतं. हे सगळं आधीपासून होतं. माझ्या शेडपासून ऑफिस दगड मारला तर लागेल एवढ्यावर, आणि मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

नानासोंनी बोलावलं. या खेपेला डबा नव्हता.

"सही?"

"करणार न्हाई."

"इमामभाई, तुमची कायमची ऑर्डर संस्थेच्या टेबलावर हाय. या वर्षी हुईल असं मीच बोलून ठेवलंय. अजून दोन-चार वर्षं हातात हायत तुमच्या, मग कोण विचारतंय? त्या पोरांचं काय, उद्या निघून जातील. तुमाला हितंच ऱ्हायचंय."

मला वाटलं होतं मी घाबरेन. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "साहेब, हितंच ऱ्हायचंय म्हणूनच. आणि दुसरं. आजपासून दार उघडल्यावर रात्रभर वारा खेळणार. सकाळपर्यंत आत कुणी जाणार न्हाई. मीबी न्हाई."

"आणि सौदा?"

"माल थांबंल. बेदाणा हाय, दूध न्हाई नासायला."

ते लाल झाले. मी सलाम करून आलो. शेडवर येऊन धुरीच्या खोलीचं दार उघडलं, अडकवायला दगड लावला, आणि पहिल्यांदाच त्या दारासमोर नुसता बसून राहिलो. आतून वारा कसा बाहेर येतो ते मी कधी बघितलंच नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

बैठक झाली. आठवतं तसं लिहितो.

अध्यक्ष इतिहासाचे मोठे सर. दोन प्राध्यापिका, आणखी दोघे, आणि विद्यार्थ्यांतर्फे तिसऱ्या वर्षाची नौशीन, जी ग्रंथालयात काम करते. प्राचार्य मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या.

पूजा उभी राहून बोलली. "सर, मला काम नको असं मी कवाच म्हणले न्हाई. मला तिथं नको, दुसरीकडं द्या, म्हणले. तुमी कामच काढलं. हातावर काटा टोचला म्हणून काटा काढायचा सोडून हात कापला."

नानासो शांतपणे म्हणाले, मुलं स्वखुशीनं योजनेत येतात, कुणी जबरदस्ती केलेली नाही.

शिवतेज म्हणाला, "योजनेत स्वखुशीनं आलो, सर. धुरात न्हाई. नाव काढायची भीती घातल्यावर कुणी 'हो' म्हणलं, तर त्याला खुशी म्हणत्यात का?"

हे ऐकलं आणि मी मान वर केली. मौलाना साहेबांनी विचारलं होतं तेच.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, "मुलाणी, तुमच्याकडं तक्रार आली होती?"

नानासो माझ्याकडं बघत होते. मी अध्यक्षांकडं बघितलं.

"आली हुती. या महिन्यात जवळजवळ रोज."

"मग वर का कळवली नाही?"

"मी मिटवत हुतो."

"मिटवत होतो म्हणजे काय करत होता?"

"पोरांच्या जागी मी आत जात हुतो."

एका प्राध्यापिकेनं ते लिहून घेतलं. नेमका त्याच वेळी मला खोकला आला आणि थांबेना. नौशीननं पाण्याचा ग्लास पुढं केला, मग माझी टोपी बघून मागं घेतला.

नानासो म्हणाले, "म्हणजे मुकादम आपल्या खुशीनं..."

"न्हाई," मी म्हणालो. पुढं बोलायचं होतं, बरंच बोलायचं होतं. पण अध्यक्षांनी हात वर केला. "मुलाणी, ही विद्यार्थ्यांची समिती आहे. तुमचा विषय इथं येत नाही."

बसलो. 'न्हाई' एवढंच टेबलावर राहिलं.

२५ मार्च, मंगळवार

निर्णय लागला! पूजाचं नाव पुन्हा योजनेत, काम ग्रंथालयात, खोली कायम. धुरीच्या खोलीत एकाही विद्यार्थ्याला पाठवायचं नाही. तक्रारपेटी व्हरांड्यातून काढून वसतिगृहाच्या जिन्याखाली, किल्ली विद्यार्थी प्रतिनिधीकडं. यापुढं प्रत्येक तक्रारीला पोच.

मुलांनी शेडमध्ये एवढा आरडाओरडा केला की बागेतली पाखरं उठली. पूजा पेढे घेऊन आली. इफ्तारपर्यंत खिशात ठेवले, खिसा चिकट झाला. मी दोन रकात शुक्राण्याची, आभाराची नमाज पढलो.

सगळे गेल्यावर शिवतेज मागं राहिला. "मामा, तुमी निकाल सगळा वाचला का?"

"वाचला की."

"शेवटचं कलम वाचा."

धुरीचं काम यापुढं मुकादमांनी पाहावं, असं होतं.

"बरोबर हाय," मी म्हणालो. "पोरं न्हाई तर मीच की. दुसरं कोण?"

त्यानं ते कलम पुन्हा बोटानं दाखवलं. मग म्हणाला, "मामा, आमी जिंकलो, तुमी आतच ऱ्हायला."

३१ मार्च, सोमवार

ईद मुबारक. अर्फा वाईहून सकाळच्या एसटीनं आली. घरात आवाज आला.

दुपारी मुलं शीरखुर्मा खायला आली. काल पाडवा झालेला, त्यामुळं गाठीची माळ घेऊन आली आणि माझ्या गळ्यात घातली. नूरजहां वाट्या भरत होती, तेव्हा तक्रारीच्या जोडीदाराची माझी पहिल्या दिवसाची थट्टा कुणी तरी तिला सांगितली. ती म्हणाली, "व्हय, तक्रार हाय माजी. हा मानूस महिनाभर खोकतोय आन् मला हवा बदलतीय म्हणून सांगतोय. थंडी गेली, ऊन आलं. किती हवा बदलती हो तुमच्या तासगावात?"

सगळी हसली. मी हसायला गेलो आणि खोकलो. हसणं थांबलं.

अर्फा म्हणाली, "अब्बा, तुम्ही शेडवर गेला नाहीत त्या दिवशी खोकता का?"

मी मनात मागचे दिवस उलटले. रविवारी, सुट्टीला, धुळवडीला खोकला कमी. धुरीच्या दिवसांनंतर जास्त. मला हे दिसत नव्हतं असं नाही. मी बघत नव्हतो.

शिवतेज हळूच म्हणाला, "मामा, कर्मचाऱ्यांचीबी समिती असती. आमी अर्ज लिहून आणू का? तुमी नुसती सही करा."

"नको," मी म्हणालो. "आयत्या लिहून आणलेल्या कागदावर सही मी एकदा नाकारलीय. मला गुरुजींनी लिहायला शिकवलंय."

"मग ऑफिसात देणार?"

"चालत गेलं की पोचत न्हाई," मी म्हणालो, आणि पूजा एवढ्या मोठ्यानं हसली की तिच्या छातीत काही वाजलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी पोस्टात गेलो. बाईंनी पाकिटावरचा पत्ता बघितला, मग खिडकीतून समोरच्या कॉलेजकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही न विचारता शिक्का मारला.

कायमच्या ऑर्डरचं काय होईल ते अल्लाह जाणे. शेडवर गेलो आणि धुरीच्या दाराला दगड लावून ठेवला. नानासो लांबून बघून गेले. दगड काढायला आले नाहीत.

अर्जाची शेवटची ओळ इथं उतरवून ठेवतो. शुक्रवारी मौलाना साहेबांनाही हीच सांगेन.

"महिनाभर रोजे मी माझ्या मर्जीनं धरले. धूर माझ्या मर्जीचा नव्हता."